नियम रास्त वाटतात का, हे कर्मचाऱ्यांना नेमकं कसं विचारावं?

सांजवात
नमस्कार मंडळी. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरमध्ये आहे. तीनेकशे माणसं, दोन पाळ्या आणि वर एक ऑफिस. गेल्या वर्षी आम्ही रजा, पाळीबदल आणि बढती या तिन्हींचे नियम नव्याने लिहिले. सहा महिन्यांनी सर्व्हे घेतला. त्यात मुख्य प्रश्न एकच होता: "कंपनीची धोरणे स्पष्ट आणि न्याय्य आहेत असे आपणांस वाटते काय?" १ ते ५ पैकी आकडा निवडायचा. सरासरी आली ४.१. वरचे सगळे खूश.

त्याच आठवड्यात पुढच्या महिन्याचा पाळीचा तक्ता लावायला मी खाली गेले. बोर्डासमोर दोघं उभे होते. एक जण तक्त्यावर बोट फिरवत म्हणाला, "बघ, नावं आधीच ठरलेली असतात." मला पाहिलं आणि दोघंही गप्प झाले. त्यांचे चेहरे आणि ते ४.१ यांचा मेळ मला अजून लागलेला नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा सर्व्हे आहे आणि या वेळी प्रश्न मी लिहिणार आहे. माणसांना नियम रास्त वाटतात की नाही, हे खरंखुरं मोजता येतं का? तुमच्याकडे कधी कुणी विचारलंय का, आणि तेव्हा तुम्ही खरं लिहिलंत का?

भोचक_भवानी
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. सगळीकडे ४ टिचकवून मोकळी झाले, कारण फॉर्म भरल्याशिवाय संगणक पुढची खिडकीच उघडू देत नव्हता.

कोरा_कागद
"स्पष्ट आणि न्याय्य" हे दोन प्रश्न झाले. नियम अगदी स्पष्ट असतो आणि तरीही अन्यायाचा असू शकतो. मग माणसाने कुठल्या अर्ध्याचं उत्तर द्यायचं? शिवाय "वाटते काय" अशी वाक्यरचना असली की लोकांचा कल हो म्हणण्याकडे असतो. पहिली दुरुस्ती इथेच करा.

रात्रपाळी
खरं का लिहिलं नाही ते सांगते. आमच्या फॉर्मवर मोठ्या अक्षरात "आपले नाव गुप्त राहील" असं लिहिलं होतं. खाली चौकटी होत्या: विभाग, पाळी, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं. माझ्या विभागात रात्रपाळीला बाई मी एकटीच. नाव लिहायची गरजच कुठे उरली? मी पेन हातात धरून जरा वेळ बसले आणि सगळीकडे ५ लिहिले. ते पाचाचे आकडे पुढे आमच्या व्यवस्थापकांनी सभेत पडद्यावर दाखवले. आता सांगा, तुमच्या ४.१ मध्ये माझ्यासारख्या किती जणी असतील?

सांजवात
@रात्रपाळी, वाचून पोटात कालवलं. आमच्या फॉर्मवर याच चार चौकटी होत्या. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आकडेमोड
धागा चांगला आहे. माझं कामच प्रश्नावल्यांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे "न्याय्य" ही एकच गोष्ट नाही. या विषयाला 'संघटनात्मक न्याय' हे नाव जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९८७ साली दिलं, पण त्याचे धागे त्याआधीचे आहेत. १९६०च्या दशकात स्टेसी अ‍ॅडम्स यांनी मांडलं की माणूस आपल्याला काय मिळालं एवढंच बघत नाही. आपण किती घातलं आणि किती मिळालं याचं प्रमाण तो शेजारच्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. १९७५ साली थिबो आणि वॉकर यांनी तंटे सोडवण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. निर्णय होण्याआधी आपलं म्हणणं मांडता आलं, तर निकाल विरोधात जाऊनही लोक पद्धत रास्त मानतात, असं त्यांना दिसलं. १९८६ साली बीज आणि मोअॅग यांनी तिसरा मुद्दा आणला: निर्णय सांगताना माणसाशी वागलात कसं?

२००१ साली जेसन कोल्क्विट यांनी हे सगळं २० प्रश्नांच्या एका मोजपट्टीत बसवलं. ७ प्रश्न पद्धतीबद्दल, ४ वाटपाबद्दल, ४ वागणुकीतल्या आदराबद्दल आणि ५ दिलेल्या माहितीबद्दल व कारणांबद्दल. उत्तरं "अगदी थोड्या प्रमाणात" ते "मोठ्या प्रमाणात" अशी पाच पायऱ्यांची. म्हणजे "सहमत आहात का" असं तिथे विचारतच नाहीत. आणि मुख्य म्हणजे सगळे प्रश्न एका ठरावीक निर्णयाला धरून विचारतात, "धोरणे" अशा हवेतल्या शब्दाला धरून नाही.

तुमचा एक प्रश्न या चारही गोष्टी एका पोत्यात भरतो. त्यामुळे ४.१ आला तरी पोत्यात काय आहे ते कळत नाही.

दुसरं म्हणजे सरासरी. दहा जणांनी ३ लिहिले तर सरासरी ३. पाच जणांनी ५ आणि पाच जणांनी १ लिहिला तरीही ३. पहिल्या ठिकाणी लोक थंड आहेत, दुसऱ्या ठिकाणी घराचे दोन तुकडे झालेत. आकडे पाळीप्रमाणे, विभागाप्रमाणे वेगळे काढून बघा, आणि किती जणांनी उत्तरच दिलं नाही तेही मोजा. पण रात्रपाळी यांचा मुद्दा सर्वात वरचा. लहान गटाचा आकडा वेगळा छापूच नका. किती जणांच्या खाली छापायचा नाही ते आधी ठरवा आणि फॉर्मवर लिहून टाका. निम्म्या चौकटी तर लागतच नाहीत.

पानगळ
वाचतेय. आकडेमोड, प्रतिसाद आवडला.

जुना_मोहरा
मी जरा विरोधी सूर लावतो. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच युनियनच्या कामात गेली. ही सगळी 'वाटण्याची' मोजणी कशाला? अन्याय होतोय की नाही ते मोजा! रजेचे अर्ज काढा, कुणाचा मंजूर, कुणाचा नामंजूर ते मांडा. बढतीची यादी काढा. पुरावा कपाटात पडलेला असताना लोकांना "तुम्हाला कसं वाटतं" विचारायचं, म्हणजे रोग्याचा ताप न बघता त्याला बरं वाटतंय का विचारण्यासारखं आहे. मी असे सर्व्हे पाहिलेत. आकडा कमी आला की नियम बदलत नाहीत, भिंतीवर नवीन पोस्टर लागतं.

तिसरी_घंटा
जुना_मोहरा यांना अर्धं अनुमोदन. आमच्याकडे तक्रारपेटी आहे. वर्षभर ती रिकामी होती, त्याचं "शून्य तक्रारी" म्हणून कौतुक झालं. पेटी व्यवस्थापकाच्या केबिनच्या काचेसमोर टांगलेली आहे. तेव्हा नुसत्या नोंदींवर तरी कसं विसंबायचं? जिथे कुणी तोंड उघडत नाही तिथलं दफ्तर नेहमीच स्वच्छ असतं.

आकडेमोड
@जुना_मोहरा, नोंदी बघायलाच हव्यात, तिथे वाद नाही. पण 'वाटणं' सोडून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सॅम्युअल स्टॉफर यांच्या गटाने सैनिकांची मोठी पाहणी केली होती. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत फार कमी. तरी बढतीच्या पद्धतीवर जास्त नाराज कोण? हवाई दलवाले. कारण आजूबाजूचे इतके जण वर चढलेले दिसत की मागे राहिलेल्याला ते जास्त लागायचं. नुसता बढतीचा तक्ता बघून हे कळलं नसतं. तक्ता आणि मन, दोन्ही मोजा आणि शेजारी ठेवा. जिथे दोघांत अंतर दिसेल तिथे जाऊन चौकशी करायची.

जुना_मोहरा
हे ठाऊक नव्हतं. शेजारी ठेवणार असाल तर माझी हरकत नाही.

शब्दवेल्हाळ
मला मूळ शब्दावरच बोलायचंय. "न्याय्य" हा शब्द कामावर तोंडी कोण वापरतं? मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. माणसं म्हणतात, "तोंड बघून रजा देतात." "मर्जीतल्यांना सगळं माफ." "डावं-उजवं करतात." "दुजाभाव होतो." "आम्हाला कोण विचारतंय?" नीट ऐकलंत तर ही एकाच तक्रारीची पाच रूपं नाहीत. "तोंड बघून" म्हणजे नियम सगळ्यांना सारखा लावत नाहीत. "कोण विचारतंय" म्हणजे म्हणणं ऐकून घेत नाहीत. "साधं सांगितलंही नाही" म्हणजे कारण दिलं नाही. आकडेमोड यांनी सांगितलेल्या त्या चार खणांतलं बरंच काही लोकांच्या बोलण्यात आधीपासून आहे. प्रश्न त्यांच्याच भाषेत लिहा. "रजा देताना सगळ्यांना एकच नियम लावला जातो का?" एवढं सरळ विचारा.

"समान" हा शब्द मात्र जपून. समान आणि रास्त यांत फरक आहे.

कोरा_कागद
+१. परभाषेतली तयार प्रश्नावली उचलून मराठी करणार असाल तर दुसऱ्या कुणाला तरी ती उलट मूळ भाषेत करायला द्या आणि मूळ प्रश्नांशी ताडून बघा. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्येच या पद्धतीवर लिहिलंय. मी एकदा हे केलं तेव्हा आमचा "अपील करता येते का" हा प्रश्न परत येताना "विनंती करता येते का" होऊन आला होता. विनंती करणं आणि दाद मागणं यांत केवढा फरक!

उंबरठा
समान आणि रास्त यावरून लिहावंसं वाटलं. मला चालताना त्रास होतो, कुबडी घेऊन जाते. मला कामावर एक तास उशिरा यायची मुभा आहे, संध्याकाळी तो तास भरून काढते. मागच्या सर्व्हेत कुणीतरी लिहिलं, "वेळेचा नियम सगळ्यांना सारखा नाही." नाव नव्हतं, पण ते माझ्याबद्दलच होतं हे सगळ्यांना कळलं. आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "लोकांना अन्याय वाटतोय, काय करूया?" मी काय उत्तर देणार होते? त्या दिवशी जिन्याच्या कठड्याला धरून मी बराच वेळ उभी होते.

तेव्हा एवढंच सांगते की लोकांना काय वाटतं ते जरूर मोजा, पण तो निकाल समजू नका. अन्याय 'वाटला' म्हणून नियम चुकीचा ठरत नाही.

आकडेमोड
@उंबरठा, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. मॉर्टन डॉइच यांनी १९७५ मध्ये वाटपाच्या तीन कसोट्या वेगळ्या केल्या होत्या: योगदानाप्रमाणे, सगळ्यांना सारखं, आणि गरजेप्रमाणे. तिन्ही आपापल्या जागी रास्त आहेत. भांडण होतं ते कुठे कुठली कसोटी लावली हे कुणी उघड सांगत नाही म्हणून. सर्व्हेत तिन्हींबद्दल वेगळं विचारता येतं: "रजा कशाच्या आधारावर मिळते असं तुम्हाला वाटतं?" आणि "कशाच्या आधारावर मिळावी?" या दोन उत्तरांतलं अंतर एका सरासरीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

तिसरी_घंटा
उंबरठा, तुमच्या साहेबांनी तुम्हाला विचारायलाच नको होतं. सवलत का दिली ते बाकीच्यांना सांगणं हे त्यांचं काम होतं, तेही तुमच्या परवानगीने.

पानगळ
कारण सांगण्यावरून आठवलं. आमच्या कंपनीत एकदा सगळ्यांचा ओव्हरटाइम बंद झाला. एका विभागप्रमुखाने सगळ्यांना खाली बसवून ऑर्डरी किती घटल्या, किती दिवस हे चालेल, हे फळ्यावर लिहून दाखवलं. प्रश्न संपेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या विभागात नोटीस चिकटवली, तीही शनिवारी संध्याकाळी. निर्णय एकच, पैसे सारखेच गेले. दुसऱ्या विभागातली माणसं अजून त्याबद्दल बोलतात.

आकडेमोड
अगदी याचाच प्रयोग ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कापला गेला. एकीकडे कारणं सविस्तर, खेद व्यक्त करून सांगितली. दुसरीकडे अगदी त्रोटक. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी त्या काळात चोऱ्या वाढल्या, पण जिथे नीट सांगितलं तिथे खूपच कमी. लक्षात घ्या, इथे त्यांनी प्रश्नावलीबरोबर चोरीच्या नोंदीही मोजल्या. जुना_मोहरा म्हणतात तसं, कपाटातला पुरावाही.

भोचक_भवानी
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण माझा एक सरळ प्रश्न आहे. नियम कंपनीचा असतो, रजा देतो सुपरवायझर. मी रागावलेली असते त्याच्यावर आणि फॉर्ममध्ये विचारतात कंपनीबद्दल. मी कुणाला मार्क देऊ?

कोरा_कागद
हे विषयांतर नाहीच, मुळावरचा प्रश्न आहे. दोन वेगळे भाग करा: नियम कसा आहे, आणि तो माझ्यापर्यंत येतो तेव्हा कसा लावला जातो. नाहीतर चांगल्या नियमाला वाईट सुपरवायझरची शिक्षा, किंवा वाईट नियम चांगल्या सुपरवायझरच्या पाठीमागे लपलेला.

जुना_मोहरा
आणि दाद मागायची सोय विचाराच. माझ्या सगळ्या वर्षांत मी पाहिलंय, माणूस चुकीचा निर्णयही पचवतो, पण "चूक झाली तर ती दुरुस्त होते" हा भरवसा गेला की संपलं. त्यानंतर तो काही बोलत नाही आणि वरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

आकडेमोड
जेराल्ड लेव्हेंथल यांनी १९८० साली पद्धत रास्त ठरायच्या सहा कसोट्या दिल्या, त्यात हेही आहे. सगळ्यांना आणि दर वेळी सारखी लावणं, स्वार्थ व पूर्वग्रह दूर ठेवणं, माहिती अचूक असणं, चूक दुरुस्त करता येणं, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचं म्हणणं विचारात घेणं, आणि नीतीला धरून असणं. यातल्या प्रत्येकावर एक साधा प्रश्न लिहिलात तरी तुमची प्रश्नावली बरीचशी तयार झाली.

एक धोक्याची सूचना. कुणी तुम्हाला "आल्फा ०.९ आला, प्रश्नावली उत्तम आहे" असं सांगेल. क्रॉनबाख यांचा आल्फा, १९५१ सालचा, प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. एकच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारलात तरी तो वर जाईल. आपल्याला हवं तेच मोजलं जातंय का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी माणसांसोबत बसावं लागतं. पाच-सहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "यातून तुम्हाला काय कळलं?"

रात्रपाळी
आणि निकाल आम्हाला पण दाखवा. दर वर्षी विचारतात आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. विचारून काहीच करायचं नसेल तर विचारू नका, त्याने जास्त लागतं.

सांजवात
मंडळी, दोन महिन्यांनी परत आलेय. उशीर झाला, पण सांगण्यासारखं आहे.

चौकटी फक्त एक ठेवली, पाळीची. दहापेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा आकडा काढणार नाही, हे फॉर्मच्या डोक्यावर लिहिलं. प्रश्न शब्दवेल्हाळ म्हणाले तसे बोलीतले केले आणि आधी सहा जणांसोबत बसले. "तुमचे म्हणणे मांडण्याची संधी मिळते का" हा प्रश्न दुसऱ्या पाळीतल्या एका काकांनी वाचला आणि म्हणाले, "मिळते की, सुपरवायझर रोज विचारतात काही अडचण आहे का." मी विचारलं, "आणि पाळी ठरण्याआधी विचारतात?" ते हसले. "ठरल्यावर विचारतात, बाई." तो प्रश्न तिथेच खोडला आणि लिहिलं, "पाळी ठरण्याआधी तुम्हाला विचारलं जातं का?"

निकाल असा. रजेचे नियम लोकांना बऱ्यापैकी पटलेत. आदराने वागवतात, असंही दोन्ही पाळ्या म्हणतात. पण "पाळीत चूक झाली तर ती दुरुस्त करून घेता येते का" याला दुसऱ्या पाळीत बहुतेकांनी १ किंवा २ दिलाय. पहिल्या पाळीत ४. सगळं एकत्र केलं असतं तर मध्यम काहीतरी आकडा आला असता आणि आम्ही पुढे गेलो असतो.

मग जुना_मोहरा यांचं ऐकून कपाट उघडलं. पाळीबदलाचे अर्ज दुपारी पाचपर्यंत ऑफिसात द्यायचे असतात. दुसऱ्या पाळीला पाच वाजता मशीन सोडता येत नाही. नियम लिहिताना मी स्वतः त्या खोलीत बसले होते आणि हे एकालाही सुचलं नाही. बोर्डासमोरचे ते दोघं खोटं बोलत नव्हते. त्यांचे अर्ज पोचेपर्यंत नावं खरंच ठरलेली असायची.

आता अर्ज पाळीच्या सुरुवातीला तिथेच घेतो. नामंजूर झाला तर एका ओळीत कारण लिहितो. सर्व्हेचा सगळा निकाल, कमी आलेल्या आकड्यांसकट, बोर्डावर लावलाय.

जुना_मोहरा
शाब्बास. कारण लिहायला लावलंत हे फार चांगलं केलंत. लिहावं लागलं की हात विचार करून चालतो.

उंबरठा
खूप बरं वाटलं वाचून.

रात्रपाळी
सांजवात, एक विचारू? निकाल लावलेला बोर्ड नेमका कुठे आहे? आमच्याकडे तो ऑफिसच्या बाजूच्या जिन्यात आहे. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तिथला दिवा बंद होतो.

सांजवात
आज मुद्दाम दुसऱ्या पाळीपर्यंत थांबले आणि जाऊन बघितलं. आमच्याकडेही तेच आहे, मोबाइलचा उजेड धरून वाचावं लागलं. कागद तिथून काढला आणि हजेरीच्या मशीनशेजारी लावला. तिथे येता-जाता सगळे थांबतात. मी निघाले तेव्हा तिघं उभं राहून वाचत होते.